राखणीच्या कुत्र्याचा गोचीडताप
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



म्हशीने एक वेळ चारा सोडला तर आपण लगेच दवाखाना गाठतो. वस्तीवरचा कुत्रा दोन दिवस भाकरीला तोंड लावत नसला, तर मात्र "उन्हाने सुस्तावला असेल" असे म्हणून सोडून देतो. पुष्कळदा तो गोचीडताप असतो.

तपकिरी गोचीड रक्त पिताना कुत्र्याच्या अंगात एर्लिचिया नावाचे सूक्ष्म जंतू सोडतो. एक ते तीन आठवड्यांत ताप चढतो, कुत्रा मलूल होतो, गळ्याखालच्या गाठी सुजतात. रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी झाल्याने काहींचा घोळणा फुटतो, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके येतात. याच गोचिडामुळे बबेसियाचाही आजार होतो. त्यात हिरड्या फिक्या पडतात व लघवी तांबडी-काळपट होते. अमेरिकेत आढळणाऱ्या लाईम रोगाविषयी काहीजण विचारतात. तो वेगळ्या जातीचे गोचीड पसरवितात, आपल्याकडचा हा तपकिरी गोचीड नव्हे.

एर्लिचियाचा खरा धोका पुढेच आहे. दोन-चार आठवड्यांत ताप आपोआप उतरतो, कुत्रा खाऊ लागतो आणि आपण निर्धास्त होतो. जंतू मात्र प्लीहेत दडून राहतात. काही कुत्रे महिन्यांनी, कधी वर्षांनी पुन्हा खंगतात. हाडातील मगजात रक्त तयार होणेच मंदावते. अशा वेळी औषधाचा गुण क्वचितच येतो.

म्हणून ताप दिसताच रक्त तपासून घ्यावे. यावर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारणपणे २८ दिवस देतात. दोन-तीन दिवसांत कुत्रा शेपूट हलवू लागतो, आणि नेमक्या तेव्हाच आपल्याकडे गोळ्या बंद होतात! तसे करू नये. गोळी भाकरीबरोबर द्यावी. घरातली माणसांची तापाची गोळी कुत्र्याला देऊ नये, ती त्याला विषारी ठरू शकते. या रोगावर कुत्र्यांसाठी प्रतिबंधक लस नाही.

आता गोचिडाकडे वळू. हा गोचीड पिलू, मधली अवस्था आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत रक्त पिऊन अंगावरून खाली पडतो, भिंतीच्या भेगेत कात टाकतो व पुन्हा कुत्रा शोधतो. मादी भेगेत हजारो अंडी घालते. प्रौढ गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. म्हणजे अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त कुत्र्याच्या बसण्याच्या जागी असतात. नुसता कुत्रा धुऊन काय होणार?

भेगा, फटी सिमेंटने किंवा मातीने लिंपाव्यात. गोणपाट उन्हात टाकावे, फाटके असल्यास जाळावे. जागेवर फवारणी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, कुत्रा दूर बांधून करावी आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही. कपाशीवरचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला लावणे म्हणजे त्याला विष देणेच होय. रॉकेल वा जळके ऑईलही नको.

कान, मान, बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावा व साबणाच्या पाण्यात बुडवावा. नखाने चिरडू नये, हा गोचीड माणसालाही तापाचे जंतू देऊ शकतो. अलीकडे महिनाभर किंवा अधिक काळ गोचीड मारणाऱ्या चघळायच्या गोळ्या मिळतात. त्या वजनाप्रमाणेच द्याव्या लागतात. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. उपचार सुरू असताना त्याला दावणीजवळच्या जुन्या जागी बांधू नका, ती जागा लिंपून, फवारून झाल्यावरच परत आणा.