बाळ बाहेर, आई आत

डेन्मार्कमध्ये थंडीतही तान्ह्या बाळाला दुलईत गुरफटून, बाबागाडीत, कॅफेच्या दाराबाहेर खुशाल झोपवतात. आई आत खिडकीशी कॉफी पीत बसते. १९९७ साली एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये हेच केलं आणि पोलिसांनी तिला चक्क अटक केली!

बाळाला असं बाहेर ठेवायचं तर अनोळखी माणसांवर विश्वास हवा. तो विश्वास आणि मुलांवरचे संस्कार, दोन्हींविषयी जागतिक मूल्य सर्वेक्षणात विचारतात : मुलांना घरी कोणते गुण शिकवावेत? आणि, बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का? डॅनिश लोक आज्ञाधारकपणापेक्षा इतरांविषयीच्या आदराला कितीतरी वरचं स्थान देतात. दुसऱ्या प्रश्नाला तर चारांतले जवळपास तिघे ‘हो’ म्हणतात. अर्थात सगळं श्रेय संस्कारांना देऊ नका. भ्रष्टाचार कमी, कारभार चोख, हेही तिथल्या विश्वासामागचं मोठं कारण आहे.