उतारवयातील न विचारलेला प्रश्न

बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्दी असते. साठी उलटलेला एक शेतकरी रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यास येतो, कंबरदुखी सांगतो, आणि दाराशी क्षणभर घुटमळतो. डॉक्टर नातवाच्या वयाचे. त्यांच्याशी ‘ती’ गोष्ट बोलावी कशी? तो निघून जातो. पुढे काही महिन्यांनी कळते, की त्याने गोळ्याच सोडल्या आहेत. गोळ्यांनी ‘अशक्तपणा’ आला, अशी त्याची खात्री असते. ही शंका नेहमीच निराधार नसते. रक्तदाबावरील काही औषधांनी लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी औषध बदलता येते; मात्र तक्रार डॉक्टरांच्या कानी पडावयास हवी.

म्हातारपणी या गोष्टी संपतात, ही समजूत समाजाची आहे; शरीरशास्त्राची नव्हे. जुन्या मधुमेहाने रक्तवाहिन्या व मज्जातंतू क्षीण होतात, आणि पुरुषाची ही तक्रार कधीकधी हृदयविकाराची पूर्वसूचनाही असते. दवाखान्यात दाद मिळाली नाही, की रुग्ण भिंतीवरच्या जाहिराती वाचू लागतो. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते.

स्त्रियांचे मौन याहून गाढ. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते, योनिमार्ग कोरडा पडतो, संबंध वेदनामय होतात. यावर साधे उपाय आहेत. अंग बाहेर येण्याचा त्रास तर कित्येकजणी वर्षानुवर्षे लुगड्याआड लपवितात. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका धरून तपासणी झालीच पाहिजे. पण सोबत सून बसलेली असताना आजीबाई हे सांगतील कशा?

मराठीला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, ते १९५३ पर्यंत चालविले. संकोच उरला आहे तो बहुधा विचारणाऱ्याचा.

म्हणून आरंभ रुग्णाकडून होण्याची वाट पाहू नये. “काका, साखर वाढली की पुष्कळांना पति-पत्नीच्या संबंधांत अडचण येते. आपल्याला तसे काही जाणवते का?” एवढे पुरते. विधुर वा विधवा म्हणून प्रश्न टाळू नये. लिंगसांसर्गिक रोग वय पाहत नाहीत. रुग्ण नाही म्हणाला तर आग्रह नको. पुढच्या खेपेस तो स्वतःच बोलेल. आजीबाईंसाठी परिचारिकेने सुनेला केसपेपर आणण्यास पाठवावे, आणि दार लोटून घ्यावे.