व्यायाम आणि अंतर्गळाची धास्ती

भोपाळचे तात्या टोपे नगर, म्हणजे रोजच्या बोलण्यातले टी. टी. नगर, हे १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी येथे आल्यानंतर भरभराटीस आलेले. येवल्याच्या त्या वीराचे नाव येथील मोठ्या क्रीडांगणालाही आहे. शिवाय २०१३ साली मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान देणाऱ्या राज्याची ही राजधानी. तेव्हा व्यायामाचे महत्त्व येथे निराळे सांगावयास नको. आज मला बोलावयाचे आहे ते व्यायामानंतर मनात शिरणाऱ्या एका भयाविषयी.

एखादा तरुण नेहमीपेक्षा अधिक वजन उचलतो. दुसऱ्या दिवशी जांघेत ओढ लागते, कळ येते, आणि मनात शंका डोकावते : हा अंतर्गळ तर नव्हे? जागा अशी, की घरात बोलता येत नाही आणि मित्रांत बोलावे तर थट्टा होते. अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. मग कोणी भीतीने व्यायामच सोडतो, तर कोणी फुगवटा दिसत असूनही तो लपवून वजने उचलीत राहतो. हे दोन्ही मार्ग चुकीचेच.

अंतर्गळ म्हणजे काय? पोटाची भिंत स्नायूंची व चिवट पडद्यांची बनलेली असते. तीत जेथे दुबळी जागा असेल तेथून आतील चरबी किंवा आतड्याचे वेटोळे बाहेर डोकावू लागते. पुरुषांत ही जागा बहुधा जांघेत असते. गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरतात, त्या वेळी त्यांच्याबरोबर पोटाच्या अस्तराची एक पिशवी खाली येते. ती पुढे मिटावयाची असते, पण काहींत उघडीच राहते. याखेरीज वयोमानाने पडदे सैल होतात, आणि जुनाट खोकला, मलावरोध, लघवीस कुंथावे लागणे यांनी त्यांवरचा ताण वाढतो.

सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अंत्रवृद्धीच्या कारणांत भार वाहणे, बलवानाशी झुंजणे आणि झाडावरून पडणे यांचा उल्लेख आहे. दाबल्यावर फुगवटा आवाज करीत वर जातो व सोडल्यावर पुन्हा येतो, हे निरीक्षणही तेथे आहे. व्यायामाचा संशय इतका जुना आहे. आधुनिक वैद्यक मात्र एवढेच म्हणते, की एखाद्या दिवशीच्या जोराने धडधाकट भिंत सहसा फाटत नाही. दुबळी जागा आधीपासून असते, त्या दिवशीच्या जोराने ती उघडकीस येते. म्हणून दोष सगळा व्यायामाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

आता ओळखावे कसे? उभे राहून जांघेकडे पाहावे, त्या जागी हलकेच बोटे ठेवून खोकावे. फुगवटा दिसला किंवा बोटांना धक्का जाणवला, आणि आडवे पडताच तो नाहीसा झाला, तर अंतर्गळाची शंका बळावते. फुगवटा मुळीच नाही, पण मांडी आत ओढताना किंवा उठून बसताना कळ येते, तर स्नायू ताणला गेला असण्याचा संभव अधिक; तो बहुधा विश्रांतीने निवळतो. परंतु ही घरगुती परीक्षा शेवटचा निर्णय नव्हे. काही अंतर्गळ इतके लहान असतात, की फुगवटा दिसत नाही. दुखणे आठवडा-दोन आठवड्यांत न हटल्यास डॉक्टरांस दाखवावे. जरूर वाटल्यास ते सोनोग्राफी करवितात. 'बेंबी सरकली' असे समजून पोट चोळून घेणे मात्र टाळावे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फुगवटा एकाएकी कठीण झाला, आत जाईना, वेदना वाढली, ओकाऱ्या सुरू झाल्या, मल व वायू अडले, तर आतड्यास फास बसला असे समजावे. रक्तपुरवठा तुटून ते काही तासांत सडू लागते. अशा वेळी फुगवटा जोराने आत ढकलू नये, काही खाऊपिऊ नये. तडक रुग्णालय गाठावे. रात्र आहे, सकाळी पाहू, हा विचार प्राणावर बेततो.

फास नसेल तर घाईचे कारण नाही. अमेरिकेत जवळजवळ काहीच त्रास नसलेल्या ७२० पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाट पाहणाऱ्यांना असा प्रसंग क्वचितच आला. मात्र दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी शस्त्रक्रिया करवून घेतलीच, बहुतेकांनी दुखू लागले म्हणून. स्त्रियांच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये, कारण मांडीच्या मुळाशी होणारा, फास बसण्याचा धोका अधिक असलेला प्रकार त्यांच्यात जास्त आढळतो. पट्टा बांधल्याने भोक बुजत नाही, औषधानेही नाही.

शस्त्रक्रियेचा आधुनिक पाया इटलीच्या बास्सिनी यांनी १८८० नंतरच्या दशकात घातला. आज बहुधा दुबळ्या जागी जाळी बसवितात. ती जाळी गरिबांना महाग पडते हे पाहून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून पाहिले आणि २००३ साली ते अनुभव प्रसिद्ध केले. युगांडातील चाचणीने २०१६ साली दाखविले, की अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरते. एका खानदेशी गावातील विचार परखंडातही खरा ठरला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सुटत नाही. चालणे लवकरच सुरू होते. जड वजने मात्र शल्यवैद्याच्या सांगण्यावरूनच, काही आठवड्यांनी, क्रमाक्रमाने उचलावीत. आणि ज्यांना काहीच झालेले नाही त्यांनीही वजन पायरीपायरीने वाढवावे, उचलताना श्वास कोंडू नये, तंबाखू व बद्धकोष्ठ यांना थारा देऊ नये.

सारांश, श्रोतेहो, शरीर कमावणाऱ्याने त्याची विचारपूस करण्यास लाजू नये. डॉक्टरांपुढे दहा मिनिटे संकोच सोसावा लागेल. पण मनातली धास्ती एकतर जाईल, नाहीतर तिला वेळीच उपाय सापडेल.