स्वाध्यायाची पाच अंगे आणि इंग्रजीचे वाचन
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धार्मिक संस्थेच्या सुवर्ण महोत्सवात इंग्रजीच्या अभ्यासाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर समाजाच्या इतिहासातच सापडते. १८९३ साली शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराजांना होते. परंतु साधुधर्माच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास त्यांना शक्य नव्हता. त्यांच्या वतीने गेले ते वीरचंद राघवजी गांधी. १८६४ साली सौराष्ट्रातील महुवा येथे जन्मलेले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालेले वीरचंदजी तेव्हा अवघे २९ वर्षांचे होते. जैन दर्शन त्यांनी अमेरिकन श्रोत्यांसमोर त्यांच्याच भाषेत मांडले. सम्मेतशिखर तीर्थावरील चरबीच्या कारखान्याविरुद्धचा दावा लढविण्यासाठी तर ते कलकत्त्यास राहून बंगालीही शिकले. १९०१ साली, वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. भाषा हे मिरविण्याचे भूषण नसून सेवेचे साधन आहे, हा त्यांच्या अल्पायुष्याचा बोध होय.

आजची स्थिती काय आहे? जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० साली इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झाले. म्हणजे उच्च शिक्षण या उपनगराच्या दारी येऊन नव्वदहून अधिक वर्षे लोटली. महाराष्ट्र शासनाने २००० साली मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणले. तरीही दहावीला उत्तम गुण मिळविलेला मराठी वा गुजराती माध्यमाचा विद्यार्थी अकरावी कॉमर्सला गेला की जमाखर्चाच्या इंग्रजी पुस्तकापुढे अडखळतो. हिशेब त्याला येतो. प्रश्न काय विचारला आहे, हेच उमगत नाही. हुशार मुलगा स्वतःला मंद समजू लागतो, ही हानी गुणपत्रिकेत दिसत नाही. दुसरीकडे इंग्रजी माध्यमातील नातवाला धर्माचा अर्थ इंग्रजीत हवा असतो आणि आजोबांपाशी तो मराठीत वा गुजरातीत असतो. एकाच घरात राहून दोघे एकमेकांना पारखे होतात.

या अडचणीवरील उपाय परक्याकडून आणावयाचा नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ती शास्त्राभ्यासासाठी आहेत हे खरे. परंतु कोणतीही भाषा आत्मसात करण्याचा क्रम याहून निराळा नाही.

पहिले अंग वाचना. येथे पहिली चूक होते ती पुस्तकाच्या निवडीत. इंग्रजी सुधारावयाचे म्हणून पालक मुलाच्या हाती थेट अग्रलेख देतात. चार ओळींत दहा शब्द अडतात आणि वाचन सुटते. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषाभ्यासकाने एका सहकाऱ्यासमवेत २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मजकूर आपल्या आपण नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी! अकरावीच्या विद्यार्थ्याने पाचवीचे गोष्टींचे पुस्तक वाचण्यात कमीपणा मुळीच नाही. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्यात अध्यापन करीत असताना भारतीय मुलांना आधी वाचावयास शिकवावे, या मताचे झाले आणि त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. दुसरा मार्ग दोन भाषा शेजारी ठेवून वाचण्याचा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. एकच बातमी प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत वाचली, तर अर्थ आधीच हाती असतो आणि शब्द त्यामागून येतात.

दुसरे अंग पृच्छना, म्हणजे विचारणे. अडलेल्या शब्दाचा अर्थ प्रथम मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ताडावा, नंतर शब्दकोश उघडावा. ताडलेला अर्थ बरोबर ठरला तर आनंद होतो. चुकला तर चूकच लक्षात राहते. वहीत केवळ शब्द आणि अर्थ न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्यही उतरवावे. शंका विचारण्यात संकोच नसावा. प्रत्यक्ष गौतमस्वामींनी भगवान महावीरांना असंख्य प्रश्न विचारले, तेथे इतरांना लाज कसली?

तिसरे अंग अनुप्रेक्षा, म्हणजे चिंतन. सुटा शब्द पाठ करणे कठीण. त्याचे कुळ ओळखले की तो घरचा होतो. हिंसेला ‘अ’ लावून अहिंसा, परिग्रहाला ‘अ’ लावून अपरिग्रह होतो, हे पाठशाळेतील बालकही जाणते. इंग्रजीत तेच काम ‘नॉन’ करते : नॉन-व्हायोलन्स, नॉन-पझेशन. कापडाच्या दुकानातही इंग्रजीचा इतिहास घडी घालून ठेवलेला असतो. ‘कॅलिको’ हे कालिकत बंदराच्या नावावरून आले, ‘चिन्ट्झ’ म्हणजे आपली छींट, ‘बंडाना’चे मूळ बांधणीत आहे, तर जाड्याभरड्या कापडाचे ‘डंगरी’ हे नाव मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडले जाते. ‘मस्लिन’ इराकमधील मोसुल शहरावरून आणि ‘डेनिम’ फ्रान्समधील नीम गावावरून आले. ‘टेक्स्टाइल’ म्हणजे वस्त्र आणि ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकूर, हे दोन्ही शब्द विणणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाले आहेत. ‘कॉन्टेक्स्ट’ अर्थात संदर्भ हा त्याच कुळातला. एक धागा हाती घेऊन कापडाचा पोत कळत नाही, तद्वत संदर्भावाचून शब्द कळत नाही.

चौथे अंग आम्नाय, म्हणजे पुनरावृत्ती. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणून आज लिहिलेले शब्द उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहावेत. प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे मुखोद्गत करणाऱ्या समाजाला ही रीत नवी नाही. दररोज फक्त ५ शब्द धरले आणि वर्षात ३०० दिवस नेम पाळला, तर १५०० शब्द होतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, ती सुमारे २००० शब्दांची आहे. म्हणजे अवघ्या सोळा महिन्यांचा हा नियम. चातुर्मासात निरनिराळे नियम घेणाऱ्यांना तो जड वाटू नये.

पाचवे अंग धर्मोपदेश, म्हणजे मिळविलेले दुसऱ्याला देणे. कोल्हापूरचे अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९०५ साली जैन धर्माचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी १८८४ साली आचारांग व कल्पसूत्र आणि १८९५ साली उत्तराध्ययन व सूत्रकृतांग इंग्रजीत आणले. हे ग्रंथ आजची मुले वाचू शकतात. मात्र एकट्याने नव्हे. धर्म या शब्दासाठी इंग्रजीत ‘रिलिजन’ हा शब्द रूढ आहे. परंतु षड्द्रव्यांत धर्म म्हणजे जीव व पुद्गल यांच्या गतीला साहाय्य करणारे द्रव्य! तेथे ‘रिलिजन’ वाचणारा वाट चुकणारच. अशा वेळी शेजारी आजोबा हवेत. नातवाने इंग्रजी ओळ वाचावी, आजोबांनी तिचे मर्म सांगावे. नातवाला शब्द मिळतील, आजोबांना नातू मिळेल.

याकरिता मोठा निधी वा इमारत नको. पाठशाळेत रविवारी एक तास, सोप्या पुस्तकांचे एक कपाट आणि शेजारी बसून ऐकणारा एक वडीलधारा, एवढे पुरे. गृहिणी आणि दुकानात काम करणारे तरुण यांनाही त्यात स्थान असावे; बँकेचे पत्र वा रुग्णालयाचा कागद त्यांनाही वाचावा लागतो. मातृभाषा सोडून इंग्रजी धरावी, असा याचा अर्थ नव्हे. ज्याची मातृभाषा पक्की, त्याला परभाषेचे भय नसते.

ज्ञानावरणीय कर्माचा क्षयोपशम पुरुषार्थाने होतो, अशी आपली श्रद्धा आहे. गेल्या पन्नास वर्षांत ज्येष्ठांनी येथे श्रद्धेचे अधिष्ठान उभारले. पुढील पन्नास वर्षांत येथील एकही मूल केवळ भाषेपायी मागे राहू नये, हा संकल्प या महोत्सवाला शोभून दिसेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.