रक्ताभिसरण : हृदयापासून केशवाहिनीपर्यंत

श्रोतेहो, आपल्या भाषेने हृदयाला फार मोठा मान दिला आहे. प्रेम, करुणा, धैर्य ही सारी आपण हृदयाच्या खाती जमा करतो आणि निष्ठुर माणसाला हृदयशून्य म्हणतो. शरीरशास्त्र मात्र त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहते. त्याच्या लेखी हृदय म्हणजे मुठीएवढा, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा एक पोकळ स्नायू होय. मिनिटाला साधारण ७२ वेळा तो आकुंचन पावतो आणि दर वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो. म्हणजे मिनिटाला ५ लिटर आणि दिवसाकाठी ७,००० लिटरांहून अधिक. शरीरातले एकंदर रक्त मात्र ५ लिटरांच्याच आसपास असते. मग हे ७,००० लिटर येतात कोठून आणि जातात कोठे?

हाच प्रश्न विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्याने विचारला आणि १६२८ साली ग्रंथरूपाने त्याचे उत्तर दिले. त्यापूर्वी सुमारे चौदाशे वर्षे युरोपात गेलनचे मत प्रमाण मानले जात होते. यकृतात रक्त नित्य नवे निर्माण होते आणि अवयवांत ते खर्ची पडते, असे ते मत होते. हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे साऱ्या शरीरातही नसते. मग एवढे रक्त नव्याने निर्माण होईल तरी कशातून? तेव्हा रक्त खर्ची पडत नाही, तेच रक्त फिरून परत येते. सरकारी नोकरीत जमाखर्चाच्या वह्यांशी रोज गाठ पडणाऱ्या माझ्यासारख्याला ही रीत विशेष भावते. ताळेबंद जुळत नसेल, तर मूळ समजुतीतच कोठेतरी खोट असते.

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना कर्णिका आणि खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू देऊन बसलेले रक्त उजव्या कर्णिकेत येते, उजव्या जवनिकेत उतरते आणि तेथून फुप्फुसांत जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूस परतते आणि डाव्या जवनिकेच्या जोराने महारोहिणीवाटे सर्वांगाकडे निघते. उजव्या जवनिकेला शेजारच्या फुप्फुसांपुरतेच रक्त पाठवायचे असते, डावीला ते मस्तकापासून पायांच्या बोटांपर्यंत पोहोचवायचे असते. म्हणूनच डावीची भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड असते. परतीची वाट नीलांची. त्यांत रक्ताचा दाब फार थोडा उरलेला असतो. पायांतले रक्त वर चढावे म्हणून तेथील नीलांत झडपा असतात, आणि चालताना पोटऱ्यांचे स्नायू ह्या नीलांना दाबून रक्त वर लोटतात.

रक्त रोहिण्यांतून नीलांत नेमके कसे उतरते, हे हार्वेला दिसले नव्हते. तो १६५७ साली वारला आणि पुढे चारच वर्षांनी, १६६१ साली, मार्चेल्लो माल्पिगी ह्या इटालियन शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात त्या वाटा दिसल्या. केसाहूनही कितीतरी बारीक अशा त्या केशवाहिन्या.

ह्या वाहिन्यांचे महत्त्व सांगायला मला माझ्या वस्तीचाच दाखला द्यावासा वाटतो. मी बंगळूरच्या के. आर. पुरम भागात राहतो. जुना मद्रास रस्ता आणि शहराभोवतीचा रिंग रोड येथे भेटतात, आणि लोहमार्गावरून पोलादी दोरांनी तोललेला भव्य पूल जातो. परक्या माणसाचे लक्ष त्या पुलाकडे जाते. परंतु पुलावर कोणी राहत नाही. दूध, भाजी, गॅसची टाकी, टपाल हे सारे पोहोचते ते आतल्या अरुंद गल्ल्यांत, आणि तेथे ते पोहोचावे म्हणूनच तो पूल. महारोहिणीचेही तसेच आहे. तिच्या जाड भिंतीतून प्राणवायूचा कणही आसपासच्या अवयवांना मिळत नाही. देवघेव होते ती केवळ केशवाहिनीत, कारण तिची भिंत एका पेशीच्या थराची असते. तिची वाट इतकी चिंचोळी असते, की तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरून पुढे सरकावे लागते. महारोहिणीत रक्त सेकंदाला वीत-दीड वीत धावते, येथे ते जेमतेम मिलिमीटरभर सरकते. नदी पसरट झाली की संथ व्हावी, तसे. त्या संथपणातच देणे-घेणे उरकते. हृदयाचे ठोके, रोहिण्यांची लवचीकता, झडपांची उघडझाप हा सारा खटाटोप त्या क्षणभराच्या देवघेवीसाठी असतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्याच्या पोकळीतून दिवसाला ७,००० लिटर रक्त वाहते, त्या हृदयाला त्या रक्तातून जवळजवळ काहीच परस्पर घेता येत नाही. त्याचे पोषण महारोहिणीच्या मुळाशीच फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्या करतात. त्यांची रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर. शिवाय डाव्या जवनिकेच्या भिंतीला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायू आपल्याच वाहिन्या आवळून धरतो. ह्या दोहोंच्या एखाद्या शाखेत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो, एके दिवशी तो फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. ह्यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. अर्ध्या-पाऊण तासात स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटांचे लोकप्रिय नट पुनीत राजकुमार हृदयविकाराने बंगळुरात अकस्मात निवर्तले. त्यांचे वय अवघे ४६ होते आणि नियमित व्यायामाविषयी त्यांची ख्याती होती. चाळिशीतल्या आम्हा अनेकांना त्या दिवशी आपल्याही छातीत दोनच लहान रोहिण्या आहेत, ह्याची जाणीव झाली. पुढे २०२४ साली कर्नाटक शासनाने त्यांच्या नावे हृदयज्योती योजना सुरू केली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत्-आलेख काढायचा, तो मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना तत्काळ दाखवायचा आणि आवश्यक तर गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यायचे, अशी तिची रचना आहे. राजधानीतील मोठ्या रुग्णालयाचे कौशल्य तालुक्याच्या खाटेपाशी नेण्याची ही रीत मला तरी रक्ताभिसरणाच्याच नियमाला धरून वाटते.

परंतु पहिले पाऊल रुग्णाच्या घरातच पडावे लागते. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, धाप ही त्याची नेहमीची लक्षणे. स्त्रियांत आणि मधुमेहाच्या रोग्यांत कधी नुसता थकवा किंवा मळमळच दिसते. अशा वेळी हा वात असेल, जेवण जड झाले असेल, सकाळी पाहू, असे म्हणत सोडा पिऊन निजणे घातक ठरते. १०८ क्रमांकाला बोलवावे आणि जवळच्या रुग्णालयात ताबडतोब ईसीजी काढून घ्यावा. दुखणे वाताचे निघाले, तर त्यात कमीपणा कसला?

श्रोतेहो, हृदय सर्वांगाला विसावा न घेता पुरवठा करते आणि स्वतःसाठी दोन अरुंद वाटांवर विसंबून राहते. त्या वाटा तंबाखूपासून, वाढत्या रक्तदाबापासून आणि आपल्या हयगयीपासून जपणे, एवढेच त्याचे आपल्याकडे मागणे आहे.