पदकाची दुसरी बाजू



बँकेत आयुष्यभर नाणी मोजली. आज पदकाबद्दल दोन शब्द. पदक बाजारात चालत नाही, ते आठवणीसाठी असतं. १४३८ साली बायझंटाईन सम्राट आठवा जॉन तुर्कांविरुद्ध मदत मागायला इटलीत आला. तेव्हा पिसानेल्लो या चित्रकाराने त्याचं तळहाताएवढं पदक घडवलं. आधी मेणात उठाव, मग साच्यात धातू. एका बाजूला उंच टोपीतला चेहरा. दुसरीकडे वाटेवरच्या क्रुसापुढे हात जोडलेला, घोड्यावर बसलेला तोच सम्राट. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडलं. साम्राज्य गेलं, पण ते जोडलेले हात आजही दिसतात.

आपल्या रौप्यमहोत्सवी पदकावर एका बाजूला इमारत खुशाल असू द्या. मागे मात्र आम्हा पदाधिकाऱ्यांची नावं नकोत. पहिल्या उन्हाळ्यात टँकरपुढे बादल्या घेऊन लागलेली आपली सगळ्यांची रांग हवी.