ढेकूण कोणी आणला?

(भिलाईतील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात, आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. – संपादक)



कार्यवाहांनी मला विचारलं, "सिस्टर, यंदा कशावर बोलणार?" मी म्हटलं, "ढेकणांवर." ते क्षणभर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मधुमेह, रक्तदाब असं काही घेतलं तर? ढेकूण काही आपल्या लोकांच्या घरी नसतात हो." मी म्हटलं, "बरोबर आहे. ढेकूण कुणाच्याच घरी नसतात. प्रत्येकाने ते शेजाऱ्याकडेच पाहिलेले असतात." तेव्हा त्यांना हसू आलं आणि माझा विषय मंजूर झाला.

गणपतीसमोर हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. बाप्पांनी उंदराला वाहन करून घेतलं, ढेकणाला मात्र जवळ केलं नाही. त्याअर्थी हा प्राणी त्यांनाही परवडत नसावा! असो. मी परिचारिका म्हणून 1976 पासून जवळजवळ चाळीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर जवळच्या एका वृद्धाश्रमात आठवड्यातून दोनदा जाते. त्यामुळे ढेकूण मी घरात, वॉर्डात आणि वृद्धाश्रमात, तिन्ही ठिकाणी पाहिले आहेत. आणि एवढा अनुभव असूनही 2011 साली माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आज खरं म्हणजे ती सांगायलाच मी उभी आहे.

त्या वेळी माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते. बोलता येत नव्हतं. मी आणि हे दोघंही नोकरीवर, म्हणून दिवसा त्यांच्यापाशी एक दीदी यायची. बस्तीतली बाई, पण हात इतका हलका की नाना तिच्याच हातून पेज घ्यायचे. मे महिन्यात आम्ही नागपूरला भाचीच्या लग्नाला जाऊन आलो. जूनअखेर माझ्या दंडावर खाजणाऱ्या गांधी उठू लागल्या. आधी डास म्हटलं, मग घामोळं म्हटलं. एके दिवशी दीदीच्या मनगटावर तशाच तीन गांधी एका ओळीत दिसल्या. नानांच्या अंगावर मात्र एकही खूण नव्हती. त्यांच्या उशीचा अभ्रा काढला, तर शिवणीत एक जिवंत ढेकूण.

माझ्या मनाने एका क्षणात निकाल दिला: हिनेच बस्तीतून आणला. संध्याकाळी तिचा हिशेब करून तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती काही बोलली नाही. पदर सावरला, नानांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि निघून गेली.

दोन आठवडे गेले. दीदी गेली, पण गांधी काही गेल्या नाहीत. मग एका रविवारी आम्ही नानांची खाट उघडी केली. खाटेखाली आमची प्रवासाची बॅग ठेवलेली होती, नागपूरहून आल्यापासून तशीच. तिच्या चेनच्या शिवणीत ढेकणांच्या काती, काळे ठिपके आणि पांढरी अंडी. लग्नाच्या कार्यालयात रात्री गाद्यांना टेकवून ठेवलेली ती बॅग! ढेकूण दीदीने आणला नव्हता. माझ्या बॅगेतून मीच आणला होता.

मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही. म्हणाली, "मैंने तो पहले ही देख लिया था, सिस्टर. बोली नहीं. बोलती तो आप कहतीं, तू ही लाई है।" ती परत कामावर आली नाही. तिला दुसरीकडे काम लागलं होतं. नानांनी त्यानंतर कितीतरी दिवस पेज नीट घेतली नाही.

मंडळी, आजच्या भाषणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ढेकूण अंधारावर जगतो, आणि घरातला सगळ्यात मोठा अंधार म्हणजे लाज. ज्याने पहिल्यांदा पाहिला त्याला बोलायची भीती वाटली, की एकाचे शंभर होतात.

आता थोडं या प्राण्याविषयी. आपल्या उष्ण देशात जास्त आढळणारा ढेकूण म्हणजे सायमेक्स हेमिप्टेरस. थंड देशांतला त्याचा भाऊ सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण 5 मिलिमीटर, तांबूस आणि चपटा. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो चालत येतो, नाहीतर सामानातून येतो. मादी दिवसाला एक ते पाच आणि आयुष्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात. ती पाच वेळा कात टाकतात आणि दर वेळी त्यांना रक्त लागतं. उकाड्यात महिना-दीड महिन्यात नवी पिढी तयार. उलट खायला मिळालं नाही तर मोठा ढेकूण काही महिने उपाशी काढतो. म्हणून "खोली महिनाभर बंद ठेवली, आता मेले असतील" यावर विसंबू नका.

दोन गैरसमज आधी दूर करते. पहिला, ढेकूण घाणीमुळे होतात. नाही. त्याला रक्त हवं आणि लपायला फट हवी. चकचकीत हॉटेलातही तो सुखाने राहतो. अडगळ असली तर त्याला लपायला जागा जास्त मिळते, एवढंच. दुसरा, ढेकणांमुळे रोग पसरतात. डासाप्रमाणे ढेकूण माणसांत एखादा रोग पसरवतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण झोप उडते, खाजवून जखमा होतात, त्या पिकतात आणि फारच सुळसुळाट असेल तर अशक्त माणसाच्या अंगातलं रक्तही कमी होतं.

आणि ही गोष्ट मी स्वतः परिचारिका असून विसरले होते: चावल्याची खूण प्रत्येकाच्या अंगावर उठत नाही. काहींना ती काही दिवसांनी उठते, आणि पुष्कळ वृद्धांना मुळीच उठत नाही. नानांची कातडी स्वच्छ होती म्हणून मी निश्चिंत होते, प्रत्यक्षात सगळ्यात जास्त तेच चावून घेत होते. त्यांना सांगताही येत नव्हतं. म्हणून अंथरुणावरच्या माणसाच्या बाबतीत अंगावरच्या खुणांवर जाऊ नका, अंथरूण तपासा.

कसं तपासायचं? टॉर्च आणि एखादं जुनं कार्ड घ्या. गादीच्या काठाची शिवण, खाटेचे सांधे, स्क्रूची भोकं, निवारीच्या घड्या, दिवाणाची आतली बाजू, आरामखुर्चीच्या कापडाची घडी, चाकाच्या खुर्चीची बैठक, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू, विजेच्या बोर्डाची कड. शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके, पारदर्शक काती, मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी दिसली की समजा, मुक्काम इथेच आहे.

सापडल्यावर आपण काय करतो? फवारतो. इथे थोडा इतिहास सांगते. डीडीटीने किडे मरतात हा शोध पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये लावला आणि 1948 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्याआधीच, 1947 मध्ये, हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आपल्याकडे 1953 पासून मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारलं गेलं, आणि आपले ढेकूणही त्याला सरावले. आज बाजारातल्या पुष्कळ फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, त्यांनाही जगभरचे ढेकूण बऱ्याच प्रमाणात सरावले आहेत. धूर सोडणारे डबे तर फटींत पोहोचतच नाहीत, उलट ढेकूण शेजारच्या खोलीत पळतात.

रॉकेल शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि हात जोडून सांगते, धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू दाराखालून शेजारच्या खोलीत जातो आणि माणसांचे जीव घेतो. ढेकणापायी असे मृत्यू झालेले आहेत.

मग उपाय काय? उष्णता, चिकाटी आणि योग्य माणसाची मदत.

चादरी, अभ्रे, कपडे खाटेपाशीच पिशवीत भरून तोंड बांधा, घरभर झटकत नेऊ नका. 60 अंश गरम पाण्यात अर्धा तास धुवा. लोखंडी खाट बाहेर काढून सांध्यांत आणि नळ्यांच्या तोंडांत उकळतं पाणी ओता. माझ्या शिकाऊ दिवसांत वॉर्डातल्या खाटांना हीच आंघोळ असे. लाकडाच्या फटींवर वाफ सावकाश फिरवा. 50 अंशांच्या वर उष्णता आतपर्यंत पोहोचून टिकली तर अंडीही मरतात. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही, वरची बाजू तापते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. जे धुता येत नाही ते बांधलेल्या पिशवीतून फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर, चार दिवस. (मोदकांचं सारण त्याआधी काढून ठेवा!) गादीला चेनचं पूर्ण बंद आवरण घाला, खाट भिंतीपासून चार बोटं दूर ओढा आणि पायांखाली वाट्या ठेवा. आपल्याकडचा ढेकूण गुळगुळीत भिंतही चढतो, म्हणून वाटीत साबणाचं पाणी हवं. ते दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर ढेकणासाठी ठेवलेल्या पाण्यात डास व्हायचे.

एवढ्याने आटोक्यात आलं नाही तर कीटकनाशकाचं काम परवानाधारक माणसालाच द्या. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार या धंद्याला परवाना लागतो, तो मागून बघा. दम्याचे रुग्ण, लहान मुलं आणि वृद्धांना त्या वेळी खोलीतून हलवा. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फवारणी ठरवूनच ठेवा, कारण अंडी पहिल्या फेरीतून वाचतात.

आता वृद्धाश्रम आणि आजाऱ्यांची घरं. मी जिथे जाते तिथे पूर्वी ढेकूण सापडला की आधी "कुणी आणला" याची चौकशी व्हायची. परिणाम असा, की कुणालाच ढेकूण दिसेनात! आता आम्ही एक वही ठेवली आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक खाट तपासून नोंद करायची. ढेकूण दिसला तर तारीख आणि खाटेचा क्रमांक लिहायचा, नाव कुणाचंच लिहायचं नाही. जो दाखवेल त्याला त्या दिवशी चहा माझ्याकडून. पहिल्या महिन्यात मला पुष्कळ चहा पाजावा लागला, पुढे कमी होत गेला. त्या आजी-आजोबांना घाईने दुसऱ्या खोलीत हलवायचं नाही, हलवलं की ढेकूणही हलतात. शेजारच्या खोल्या मात्र तपासायच्या. येणाऱ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पिशव्या खाटेवर न ठेवता खुंटीला. एवढे साधे नियम आहेत.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. राजाच्या पलंगावर मंदविसर्पिणी नावाची ऊ राहत असते. अग्निमुख नावाचा ढेकूण तिथे पाहुणा म्हणून येतो आणि घाईने राजाला चावतो. राजा ओरडतो, सेवक धावतात. ढेकूण पलंगाच्या फटीत पसार होतो आणि चादरीत सापडलेली बिचारी ऊ मारली जाते. अनोळखी पाहुण्याला थारा देऊ नये, असं तात्पर्य आपण लहानपणी शिकलो. मला आता त्यात दुसरंच दिसतं. घाईने शोधणाऱ्याच्या हाती जो सापडतो तो बहुधा गुन्हेगार नसतो.

शेवटी एक विनंती कार्यकारिणीला. आपल्या मंडळाच्या गाद्या आणि सतरंज्या पाहुण्यांसाठी घरोघर जातात आणि विसर्जनानंतर थेट भांडारात जातात. यंदा परत घेताना प्रत्येक गादीची शिवण टॉर्च लावून बघूया. मी स्वतः येईन. त्यात एखादा ढेकूण सापडला, तर ती गादी कुणाच्या घरून आली हे कृपा करून कुणी विचारू नका. दाखवणाऱ्याला फक्त चहा द्या.

गणपती बाप्पा मोरया!